सहा फुटांवरून सही

दि. ६ एप्रिल

तीर्थस्वरूप भावोजी,

सहा फुटांवरून नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण जमिनीला विनाकारण हात लावू नये असं तुमच्याच परिपत्रकात कलम आहे.

फोन का केला नाही, असं विचाराल. फोन ताई उचलते, आणि तो तुमच्या हातात जाईपर्यंत माझं नाक, घसा, छाती अशी सगळी तपासणी उरकलेली असते. शिवाय टपालखात्यातली दोन माणसंच फोनवर बोलायला लागली तर खातं बुडायला साथ कशाला हवी?

परिपत्रक क्रमांक अकरा मिळालं. कागदाला कमीत कमी हात लावावेत हे सांगणारे नऊ कागद. आम्ही चौदा पोस्टमननी ते आळीपाळीने वाचले. मागोमाग रबरी हातमोजे आले, चौदा जणांत सात जोड. आमच्या पोस्टमास्तरांनी मुख्य कार्यालयाला विचारलं, तर उत्तर आलं की पोस्टमन एका हाताने टपाल देतो, दुसऱ्या हातात सायकल असते, आणि सायकलीला संसर्ग होत नाही. माझ्या वाट्याला डावा मोजा आला. आमच्यातल्या लांब्याला उजवा मिळाला आणि तो नेमका डावखुरा. अदलाबदल करावी म्हटलं, तर एकदा घातलेला मोजा दुसऱ्याला देऊ नये, असं कलम सात सांगतं. म्हणून आम्ही दोघं नियमाने चुकीच्या हातात मोजे घालून फिरतो.

हात साफ करायच्या औषधाची एक बाटली आली आहे. सरकारी माल म्हणून ती तिकिटांबरोबर तिजोरीत असते. दोन थेंब हवे असतील तर वहीत नोंद करायची, आणि त्या वहीला बांधलेलं पेन सगळ्यांना मिळून एकच आहे.

आता कामाचं. रोज पन्नास-साठ रजिस्टर पत्रं वाटतो. प्रत्येकाची सही घ्यायची, म्हणजे माझं पेन पन्नास घरांत हातोहात फिरतं. परवा एका गृहस्थांनी चष्मा शोधताना ते दातांत धरलं. तुम्ही आता सुरक्षेचे साहेब झालात. माणशी एक पेन द्या, नाहीतर दुसरं काही करा, पण या सहीचं काहीतरी बघा.

लांब्या कालपासून खोकतोय. हे ताईला वाचून दाखवू नका.

तुमचा मेहुणा


दि. १५ एप्रिल

चिरंजीव मेहुणे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आठ तारखेला आलं आणि मला अकराला मिळालं. मधले तीन दिवस ते बाल्कनीत दोरीला चिमट्याने टांगलेलं होतं. तुझी ताई हल्ली माझ्या पगाराची चिठ्ठीसुद्धा उन्हात वाळवून घेते. लांब्याचा खोकला तिने टांगताना वाचला, त्यामुळे दोन दिवस खोकला आपल्याच घरी मुक्कामाला होता.

तू मोज्यांवर विनोद करतोस, कर. तुला वरचं चित्र दिसत नाही. पत्रं चाळीस टक्क्यांनी घटली. जाहिरातींचं टपाल, ज्यावर आपण इतकी वर्षं तगलो, ते पार आटलं. पार्सलं दुप्पट झाली, पण प्रत्येक पार्सलमागे आपण थोडे थोडे बुडतो, म्हणजे लोकांनी आपल्यावर जास्त विश्वास टाकला तर वर्षअखेरीस कुलूपच. वरचे म्हणतात, खात्याने स्वतःच्या पायावर उभं राहावं. पायातल्या चपलांचं बिल मात्र मंजूर करत नाहीत.

म्हणून खर्च कमी करायला सुरक्षा समिती आणि बचत समिती एकत्र केल्या आहेत. नवं नाव 'सुरक्षा व बचत कक्ष', आणि प्रमुख मी. सकाळी सुरक्षेच्या टेबलावर बसून मी मोजे मंजूर करतो, दुपारी बचतीच्या टेबलावर बसून ते कापतो. टेबल एकच आहे, त्यामुळे जा-ये करावी लागत नाही.

तुझ्या पेनाच्या रडगाण्यावरून मात्र मला नामी कल्पना सुचली. परिपत्रक क्रमांक तेरा वाच. यापुढे रजिस्टर टपाल घेणाऱ्याने सही करायचीच नाही. पोस्टमनने दार वाजवावं, सहा फूट मागे यावं, माणूस घरी असल्याची खात्री करावी आणि त्याच्या नावापुढे स्वतःच सही करावी. स्पर्श नाही, पेन नाही, आणि दर पत्रामागे तीन मिनिटं वाचतात. सुरक्षाही झाली आणि बचतही. साहेबांनी माझी पाठ थोपटली, अर्थात सहा फुटांवरून.

तू पेन मागितलंस, मी सहीच काढून टाकली. आता तरी भावोजींचं नाव काढ.

तुझा भावोजी


दि. २५ एप्रिल

तीर्थस्वरूप भावोजी,

तुमचं नाव रोज काढतो. पोस्टातले बाकीचे तेरा जणही काढतात, ते कसं ते विचारू नका.

नियम तेरा लागू झाल्यापासून मी एका दिवसात साठ माणसं असतो. काल मी दोन डॉक्टर, एक वकील, एक न्हावी आणि एक नवी नवरी होतो. साठ वेळा एकच सही करून तिचं पार गांडूळ झालंय. लांब्याला इस्पितळात ठेवलंय, त्यामुळे त्याची बीट, म्हणजे त्याच्या वाटणीच्या गल्ल्याही माझ्याकडे आल्या. काम दुप्पट, वेळ तेवढाच. तुमच्या तक्त्यात एका दारापाशी पन्नास सेकंद दिलेत. ज्याने हे सेकंद मोजले त्याच्या इमारतीला लिफ्ट असणार.

हेडबाई मात्र या नियमावर रागावल्या आहेत. ताईला विचारा, शाळेत आम्हा दोघांनाही त्यांनी शिकवलंय. आता पंच्याहत्तरी उलटली, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. दर मंगळवारी भाची परगावाहून औषधांचं रजिस्टर पाकीट पाठवते. पूर्वी बाई दार उघडायच्या, सावकाश सही करायच्या, मग माझ्या शर्टाच्या तुटलेल्या बटणावर बोलायच्या. आता मी दार वाजवतो, मागे सरकतो, सही करतो आणि पाकीट दारातल्या फटीतून आतल्या पेटीत टाकतो. गेल्या मंगळवारी आतून ओरडल्या, "माझ्या नावापुढे तू कसा सही करतोस रे? तिमाही परीक्षेत पण असंच दुसऱ्याचं बघून लिहायचास!"

मी म्हटलं, "बाई, वरून हुकूम आहे."

"वरच्याला म्हणावं, माझ्यासमोर येऊन उभा राहा."

आता एक खरी अडचण. नियमात म्हटलंय, 'माणूस घरी असल्याची खात्री करून'. खात्री म्हणजे काय करायचं? म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठून ओ द्यायला पन्नास सेकंद पुरत नाहीत. ओ आली नाही तर पाकीट परत आणायचं का? आणलं की पोस्टमास्तर 'परत टपाला'चा तक्ता नाचवतात. नक्की काय करायचं ते लेखी कळवा.

तुमचा मेहुणा


दि. २ मे

चिरंजीव मेहुणे,

लेखी कळवा म्हणे! मुलगी दाखवताना तुझ्या वडिलांनी माझ्याकडे काही लेखी मागितलं नव्हतं. तू त्यांच्यापेक्षा पक्का निघालास.

परत टपाल हा सध्या आमचा सगळ्यात दुखरा दात आहे. परत आलेलं पाकीट आणायचं, नोंदवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचं, म्हणजे एका पाकिटाला तिप्पट खर्च. साहेबांनी शंभरात दोनची मर्यादा घातली आहे. तुझ्या पोस्टाचे शंभरात अकरा परत येतात, आणि त्यांतले निम्मे तुझे. मेहुण्याच्या पोस्टामुळे माझाच आलेख वाकडा दिसतो हे तुला शोभतं का?

खात्रीचं सांगतो. हे परिपत्रकात घालता येत नाही, कारण परिपत्रकात घातलं की कुणीतरी हरकत घेतं. घरात रेडिओ वाजत असेल, दिवा दिसत असेल, पंखा फिरत असेल, तर माणूस घरात आहे असं समजायचं आणि सही करून मोकळं व्हायचं. रिकाम्या घरात कुणी विजेचं बिल वाढवत नाही. दारात उभं राहून 'ओ द्या हो' करत बसू नकोस. कुणी विचारलंच, तर वर मी बसलोय.

एक गोड बातमी. साहेबांनी उपसंचालक पदासाठी माझं नाव वर पाठवलंय. त्यांच्या शेऱ्यात नियम तेराचा उल्लेख आहे. ताई आत्तापासून म्हणते की पद मिळालं की पहिलं काम म्हणजे तुझी बदली इकडे, टेबलावर, चार भिंतींच्या आत. तेव्हा आलेख सरळ कर.

तुझा भावोजी


दि. २० मे

तीर्थस्वरूप भावोजी,

तुमचा रेडिओचा मंत्र भलताच पावला. गेल्या आठवड्यात माझं परत टपाल शून्य. पोस्टमास्तरांना वरून शाबासकीचं पत्र आलं, ते त्यांनी औषधाच्या बाटलीशेजारी तिजोरीत ठेवलंय. कुठल्या घरात रेडिओ कितीला लागतो, कुणाचा दिवा दिवसाढवळ्या जळतो, हे मला आता तोंडपाठ आहे.

लांब्या घरी आला. चौदा किलो उतरलाय, आता नाव शोभतं त्याला.

हेडबाई रुसल्या आहेत. दोन मंगळवार झाले, ओ देत नाहीत. रेडिओ मात्र मोठ्याने लावून ठेवतात. काल मी दारातून म्हटलं, "बाई, एवढा राग बरा नव्हे," तर आतून फक्त बातम्या. सही केली, पाकीट टाकलं, निघालो. त्यांचा राग मला ठाऊक आहे. शाळेत एकदा मी फळ्यावर त्यांचं चित्र काढलं होतं, तर आठ दिवस माझ्याकडे बघितलं नव्हतं. साथ सरली की जाऊन समजूत काढीन.

ताईला सांगा, मी ठणठणीत आहे.

तुमचा मेहुणा


दि. ४ जून

भावोजी,

हे पत्र मुद्दाम तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर टाकतोय. ताईच्या दोरीवर ते जायला नको.

हेडबाई गेल्या.

परवा मंगळवारी पाकीट फटीतून आत जाईना. अर्धं आत, अर्धं बाहेर. मला वाटलं, भाचीने जास्त गोळ्या भरल्यात. ढकललं, तर आत पुठ्ठ्याला पुठ्ठा लागल्यासारखं झालं. ती पेटी लहान आहे, तीन पाकिटांत भरते. म्हणजे आधीची तीन कुणी काढलीच नव्हती. रेडिओवर एक बाई हात कसे धुवावेत ते समजावून सांगत होती.

शेजाऱ्यांना हाका मारल्या, कुलूपवाला आणला. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी पडलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे तरी झाले असावेत. साथीचा काही संबंध नाही. पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, उठता आलं नाही. मी विचारलं, लगेच गेल्या असतील का? ते म्हणाले, बहुतेक नाही, एक-दोन दिवस काढले असतील.

तीन आठवडे मागे मोजून बघा. बारा मे येते, आणि बारा मेला मंगळवार होता. त्या दिवशी मी दार वाजवलं, सहा फूट मागे आलो, रेडिओ ऐकला आणि बाईंच्या नावापुढे सही केली. आत बाई जिवंत होत्या का, त्यांनी मला हाक मारली का, हे मला या जन्मात कळणार नाही. रेडिओचा आवाज फार मोठा होता.

वास कसा आला नाही, असं पोलिसांनी विचारलं. मी माझा मास्क दाखवला. चांगला जाड, दोन पदरी, खात्याने दिलेला. तेवढ्या एका वस्तूत तुमच्या कक्षाने हात आखडता घेतला नव्हता.

भाची आली. तिने केलेला फोन महिनाभर लागत नव्हता, पण मावशीचा फोन मुळात धड कधीच नसायचा. दर मंगळवारी संध्याकाळी आपल्या खात्याचा निरोप तिला जायचा की पाकीट मिळालं, सही झाली. ती सही बघून ती निर्धास्त झोपायची. तिने मला आरडाओरडा करून काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "सव्वीस तारखेची सही कुणाची?" मी म्हटलं, "माझी." तिने वर तक्रार केली आहे, आणि ती करायलाच हवी होती.

मेहुणा


दि. ९ जून

चिरंजीव मेहुणे,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. ताईला बाई वारल्या एवढंच सांगितलं. कशाने, ते सांगितलं नाही. ती दोन वेळा जेवली नाही.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. अशा काळात अशा गोष्टी होतात. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी नातेवाइकांनी लक्ष ठेवायचं असतं, टपालखात्याने नव्हे. तसा शेरा तक्रारीवर मारता येईल.

आणखी एक. दोन मेचं माझं पत्र तुझ्याकडे कुठेतरी पडलेलं असेल. ते आपलं घरगुती पत्र, थट्टेच्या भरात लिहिलेलं, त्याला कुणी हुकूम समजू नये. जाणकारांचं मत आहे की या दिवसांत जुने कागद घरात साठवणं आरोग्याला बरं नाही. ते जाळून टाक. खरं तर सगळीच जाळ, म्हणजे एकट्या त्याचंच वेगळं दिसणार नाही. जाळल्याचं कळव.

बढतीची यादी जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल.

तुझा भावोजी


दि. २२ जून

सुरक्षा व बचत कक्ष, मुख्य कार्यालय

विषय: मयत व्यक्तीच्या नावे सही केल्याबाबत.

आपणांस कळविण्यात येते की, आपण दिनांक १२, १९ व २६ मे रोजी रजिस्टर टपाल दिल्याच्या सह्या केल्या असून, त्या वेळी टपाल घेणारी व्यक्ती मयत अथवा मरणासन्न होती असे दिसून येते. परिपत्रक क्रमांक तेरानुसार आवश्यक ती 'खात्री' आपण कोणत्या आधारे केली, तसेच असा आधार आपणांस कोणी लेखी दिला असल्यास, ते मूळ कागदासह आठ दिवसांत रजिस्टर टपालाने कळवावे. समाधानकारक खुलासा न आल्यास आपणांस सेवेतून कमी करून निवृत्तिवेतन रोखण्यात येईल. प्रवासखर्च टाळण्यासाठी सदर चौकशी टपालानेच करण्यात येत आहे.

चौकशी अधिकारी

(सोबत टाचलेली चिठ्ठी)

मेहुणे, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. चौकशी अधिकारी मीच आहे. मी साहेबांना सांगितलं की हा माझा सख्खा मेहुणा, मला यातून वगळा. ते म्हणाले, मेहुणा नियमाप्रमाणे रक्ताच्या नात्यात बसत नाही, आणि दुसरा अधिकारी नेमायचा तर त्याला भत्ता द्यावा लागतो.

एका परीने बरंच झालं. तू फक्त एवढं लिही की तिन्ही वेळा आतून बाईंनी ओ दिल्यासारखं वाटलं. वाटण्याला शिक्षा नाही, समज देऊन सोडता येतं. फार तर एक वेतनवाढ जाईल. आणि ते पत्र जाळलंस ना? तू कळवलं नाहीस.


दि. २९ जून

माननीय चौकशी अधिकारी महोदय, आणि त्याच खुर्चीत बसलेले भावोजी,

दोघांनी मिळून वाचावं. खुर्ची एकच आहे, जरा सरकून बसा.

खुलासा असा. मला बाईंनी ओ दिली नाही. दिल्यासारखं वाटलंही नाही. मेलेल्या बाईंच्या नावे मी सह्या केल्या, तेवढं पाप पुरे आहे. आता त्यांच्या तोंडात शब्दही घालायचे, ते माझ्याच्याने होणार नाही. बारा मेला त्यांनी ओ दिली असं मी लिहिलं, तर त्या दिवशी त्या बऱ्या होत्या असं भाचीला वाटेल. नव्हत्या.

खात्रीचा आधार म्हणून दोन मेचं पत्र जोडतो. पुरावा क्रमांक एक. मूळ पत्रच आहे. मी त्याची प्रत काढलेली नाही, फोटोही काढलेला नाही. एकदा काढायला गेलो होतो, मग ताई डोळ्यांसमोर आली. तुमची खुर्ची गेली तर तीही रस्त्यावर येते, हे मला कळतं. पण वीस वर्षं भरलेली माझी नोकरी गेली तर माझी पोरगी कॉलेजातून घरी येते, हे तुम्हालाही कळत असेल.

पत्र फायलीला लावायचं की चुलीला, ते चौकशी अधिकाऱ्याने ठरवावं. मी थोर मनाने तुमच्या हवाली करतोय असं समजू नका, मला तुमचा फार राग आला आहे. 'वर मी बसलोय' असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून मी निर्धास्तपणे रेडिओ ऐकत पुढे जात राहिलो. भाची माझी सही बघून झोपत होती, मी तुमचं पत्र वाचून झोपत होतो.

मला अजून निलंबित केलेलं नाही, कारण बदली माणूस द्यायला पैसे नाहीत. त्यामुळे रोज कामावर जातो. आता प्रत्येक दाराशी माणसाचा आवाज येईपर्यंत उभा राहतो. दिवसाला वीस पाकिटं परत येतात. पोस्टमास्तरांनी तक्ता दाखवायचं सोडून दिलंय.

आपला, पोस्टमन


दि. ८ जुलै

मेहुणे,

तुझं रजिस्टर पाकीट एक जुलैला आलं. मी तेव्हा साहेबांच्या खोलीत होतो. आमच्याकडे येणाऱ्या पोस्टमनने माझं दार वाजवलं, आत पंखा फिरतोय हे पाहिलं, आवक वहीत माझ्या नावापुढे स्वतःची सही ठोकली आणि पाकीट ट्रेमध्ये टाकून तो गेला.

ट्रेमधून ते मी उचललं तेव्हा कुणीही पाहिलं नाही. कागदोपत्री माझी सही कुठेच नव्हती. पाकीट मला मिळालंच नाही असं मी म्हटलं असतं, तर ते खोटं ठरवणारा एकही पुरावा जगात नव्हता. आणि टपालखात्याच्या मुख्य कार्यालयात एखादं पाकीट हरवलं, यावर कोण अविश्वास दाखवणार? इतका सोयीचा नियम मी आयुष्यात दुसरा लिहिलेला नाही.

पाच दिवस ते पाकीट मी कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडलो. साहेबांना अंदाजाने विचारलं, "समजा त्या पोस्टमनचा खुलासा आलाच नाही तर?" ते म्हणाले, "मग उत्तमच. स्वस्तात आटपलं." त्याच दुपारी बढतीची यादी लागली. पहिलं नाव माझं आहे. लोक सहा फुटांवरून हात हलवून अभिनंदन करत होते आणि मी सगळ्यांचे आभार मानत होतो. तू माझी थट्टा करतोस ती कमीच आहे, हे तेव्हा मला पटलं.

रविवारी तुझ्या ताईने तुला फोन केला होता. तू तिला बाईंचं सगळं सांगितलंस. माझ्या पत्राचं काही बोलला नाहीस. फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तो असा नाही हो. दाराबाहेर रेडिओ ऐकून सही करायचं त्याच्या डोक्यात येणारच नाही. त्याला हे कुणीतरी सांगितलं असणार."

मी म्हटलं, "चौकशी चालू आहे."

"तुम्हीच करताय ना? मग शोधून काढा त्याला. सोडू नका."

तिला काहीही माहीत नव्हतं. तिचा माझ्यावर पूर्ण भरवसा होता. मला त्या वेळी फार लाज वाटली. मी खिशातून माझं दोन मेचं पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि मला परत दिलं.

सोमवारी कार्यालय उघडल्या उघडल्या मी आवक विभागात गेलो आणि वही मागितली. कारकून म्हणाला, "साहेब, आता सही लागत नाही. तुमचाच नियम आहे." मी एक जुलैच्या ओळीत त्या पोस्टमनच्या सहीखाली माझी सही केली. मग वर जाऊन पुरावा क्रमांक एक फायलीला लावला. निकालात लिहिलं की खात्री कशी करावी हे चौकशी अधिकाऱ्यानेच लेखी कळवलं होतं, तेव्हा पोस्टमनवरचा आरोप काढून टाकावा, त्याची नोकरी व निवृत्तिवेतन अबाधित ठेवावं, आणि चौकशी अधिकाऱ्याची चौकशी करावी. नियम तेरा ताबडतोब थांबवावा अशी शिफारसही जोडली. साहेबांनी ते वाचून विचारलं, याला खर्च किती येईल. मी म्हटलं, तो हिशेब आता दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. काल मला घरी बसायला सांगितलं आहे. निकालाची प्रत तुला वेगळ्या टपालाने येईल.

ताई अजून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

तक्रार करणाऱ्याला उत्तर देणं हे चौकशी अधिकाऱ्याचं शेवटचं काम असतं. तेवढं खुर्ची सोडण्याआधी केलं. भाचीला लिहायला बसलो तर खेद, खंत, परिस्थिती, असे नेहमीचे सगळे शब्द आपोआप पुढे आले. तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं, "तुमच्या मावशींच्या नावापुढच्या तिन्ही सह्या माझ्यामुळे झाल्या. पोस्टमनने फक्त हात चालवला." तेवढंच पाकिटात घालून पाठवलं.

भावोजी